आमिष कोण खाईल, याचा नेम नाही



भुईमुगाला आऱ्या सुटल्या, मका दाण्यावर आला, की रानडुकरांचा कळप शिवारात उतरतो. चार महिन्यांची मेहनत एका रात्रीत आडवी होते. ते दुःख मी बांधावर उभं राहून पाहिलेलं आहे. म्हणून हे चार शब्द रागाने नव्हे, आपुलकीने लिहितो आहे.

मागच्या हंगामात एका काकांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "साहेब, पिठाच्या गोळ्यात घालायला कडक औषध कोणतं?" मी साफ नाही म्हटलं. त्यांनी दुसरीकडून काम भागवलं. आठ दिवसांनी निरोप आला. डुक्कर मेलंच नाही. मेली ती शेजाऱ्याची दुभती गाय. दोन्ही घरांचं बोलणं आजही बंद आहे.

विषाचा गोळा असो की खाण्यात दडवलेला गावठी बॉम्ब, एकदा बांधावर ठेवला की तो कोण तोंडात घेईल, हे आपल्या हाती राहत नाही. मे 2020 मध्ये केरळातील पालक्काड जिल्ह्यात स्फोटक भरलेलं फळ चावल्याने गाभण हत्तिणीचा जबडा फाटला. खाता येईना. नदीच्या पाण्यात उभ्या उभ्या तिने जीव सोडला. ते स्फोटक रानडुकरांसाठी ठेवलेलं असावं, असं तपासात पुढे आलं. विषाने मेलेलं जनावर खाऊन कुत्री, कावळे, गिधाडंही मरतात. आणि बांधावर पोरंही खेळतात, हे विसरू नका.

काहीजण म्हणतात, "जनावर मेलंच नाही, मग गुन्हा कसला?" हा गैरसमज आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 नुसार शिकार म्हणजे नुसतं मारणं नव्हे. फासे लावणं, आमिष ठेवणं आणि तसा प्रयत्न करणं हीसुद्धा शिकारच. 2022 च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर अनुसूची 2 मध्ये आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तेच आमिष बिबट्याने खाल्लं, तर प्रकरण अनुसूची 1 मध्ये जातं. तिथे कैद किमान तीन वर्षं, कमाल सात.

"मग आम्ही पीक डुकरांना द्यायचं का?" प्रश्न रास्त आहे. उभ्या पिकाची नासधूस करणाऱ्या रानडुकराला मारण्याची लेखी परवानगी अधिकृत वनाधिकारी कलम 11 खाली देऊ शकतात. तो रस्ता उघडा आहे, पण कागद हातात आल्यावरच. नुकसान दिसताच त्याच दिवशी फोटो काढा, वन कार्यालयात अर्ज द्या, पोच घ्या आणि पंचनामा होईपर्यंत रान तसंच ठेवा. भरपाईने सगळं नुकसान भरून निघत नाही, हे मला मान्य आहे. पण अर्जच नसेल, तर तेवढंही मिळत नाही.

वस्तीवरच्या पाच-सहा घरांनी मिळून सौर कुंपण करावं, राखणीच्या पाळ्या लावाव्यात. घरची वीज तारेत मात्र कधीही सोडू नका. त्याने माणसं मेली आहेत.

पीक वाचवणं हा तुमचा हक्क आहे. पण शेजाऱ्याच्या गोठ्यातली गाय मारून वाचवलेलं पीक गोड लागायचं नाही.