‘पर्फ’ कर्नलच्या सोर्समध्ये का?

“सर, कर्नल तर अपडेट झालं नं, मग पर्फ काहून चालत नाही?” नागपुरात लिनक्स शिकवताना हा प्रश्न मी पुन्हा पुन्हा ऐकतो. पर्फ म्हणजे प्रोग्रामची कामगिरी मोजणारं टूल. उबुंटू ‘या कर्नलसाठी पर्फ सापडला नाही’ असं बजावतं आणि मुलं त्यावरून भलतेच अर्थ काढतात.

गैरसमज: पर्फचा सोर्स कर्नलच्या सोर्समध्ये आहे, म्हणजे तो कर्नलच्या आतच चालतो.

वस्तुस्थिती: लिनक्सच्या सोर्समध्ये ‘टूल्स’ नावाचं फोल्डर आहे. पर्फ, बीपीएफटूल, कर्नलच्या चाचण्या त्यात राहतात. पण पर्फ वेगळा कंपाइल होतो आणि इतर प्रोग्रामसारखाच सिस्टिम कॉल करून कर्नलकडे माहिती मागतो. तो कोसळला तर एकटा बंद पडतो. कर्नलमधली तशीच चूक अख्खं मशीन थांबवू शकते.

गैरसमज: मग कर्नलशी संबंधित सगळीच टूल्स तिथे हवीत.

वस्तुस्थिती: इथे थोडा इतिहास पाहायला हवा. 2009 मध्ये 2.6.31 आवृत्तीत पर्फ आला, तेव्हा प्रोसेसरचे काउंटर वाचण्याची कर्नलमधली सोयही नवीच होती. दोन्ही बाजू तीच माणसं लिहीत होती, रोज बदलत होती. एकत्र राहण्याला अर्थ होता. 2011 मध्ये पेक्का एनबर्ग यांनी केव्हीएमटूल आणलं. व्हर्च्युअल मशीन चालवणारा हा छोटा प्रोग्राम कर्नलच्या सोर्समध्ये घ्यावा, असा कर्नल डेव्हलपर इंगो मोल्नार यांचाही आग्रह होता. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी तो घेतला नाही. आत येऊन असा काय फायदा, जो बाहेर राहून मिळत नाही, हा त्यांचा मुद्दा. मला तो पूर्ण पटतो: क्यूएमू हा दुसरा प्रोग्राम हेच काम बाहेर राहून उत्तम करत होता. केव्हीएमटूल आज स्वतंत्रपणे सांभाळलं जातं. कर्नलच्या कामासाठी 2005 मध्ये टोरवाल्ड्स यांनीच लिहिलेलं गिटसुद्धा वेगळंच आहे. फ्रीबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये मात्र कर्नल आणि ‘एलएस’सारख्या कमांड एकाच सोर्समध्ये असतात, कारण तिथे अख्खी सिस्टिमच एकत्र प्रसिद्ध होते.

गैरसमज: कर्नल आणि पर्फची आवृत्ती जुळलीच पाहिजे.

वस्तुस्थिती: उबुंटूच्या बऱ्याच आवृत्त्यांत ‘पर्फ’ कमांड ही एक छोटी स्क्रिप्ट आहे. चालू कर्नलच्या आवृत्तीचं टूल्स पॅकेज ती शोधते, आणि ते नसलं की सूचना देते. कर्नलचा सिस्टिम कॉल मात्र जुन्या पर्फलाही उत्तर देतो. गेल्या वर्गात एका विद्यार्थिनीने जुन्या आवृत्तीच्या फोल्डरमधला पर्फ पूर्ण पाथ देऊन चालवला. नव्या कर्नलवर आकडे सरसर उमटले.