कोठीतलं विष दुधात दिसतं

मका मोडून खळ्यावर पडलेला असतो आणि नेमका परतीचा पाऊस गाठतो. बदनापूर तालुक्यात हे नवं नाही. भिजलेल्या मालाला व्यापारी भाव देत नाही. मग तो भरडून सरकी पेंड आणि तुरीच्या चुणीसोबत जनावरांच्या घमेल्यात जातो.

ओलसर मक्यावर, पेंडीवर वाढणाऱ्या हिरवट-पिवळ्या बुरशीचं नाव ॲस्परजिलस फ्लेव्हस. तिच्या नावातली अक्षरं घेऊनच तिच्या विषाला अफ्लाटॉक्सिन म्हणतात. 1960 मध्ये इंग्लंडात लाखभर टर्की पक्षी मेले, तेव्हा भुईमुगाच्या पेंडीतून हे विष ओळखलं गेलं. 1974 मध्ये पंचमहाल आणि बांसवाड्याच्या आदिवासी गावांत बुरशीचा मका खाऊन शंभरावर माणसं यकृताच्या आजारानं दगावली. त्याच घरांतली कुत्रीही मेली होती.

गाय अशी धडकन मरत नाही, आणि अडचण तिथेच आहे. ती थोडं कमी खाते, दूध घटतं, गाभण राहायला वेळ लागतो. यातलं प्रत्येक लक्षण दहा कारणांनी होऊ शकतं. पोत्यातला नमुना तपासावा, तर विष सगळीकडे सारखं पसरलेलं नसतं. एका मुठीत काहीच नाही, शेजारच्या मुठीत भरपूर. शिवाय बुरशी पुसून गेलेला स्वच्छ दाणाही विषारी असू शकतो.

म्हणून जनावरालाच विचारावं. दिवसभराचं सगळं खाणं गाय पोटात एकत्र करते. तिचं यकृत अफ्लाटॉक्सिन बी-1 चं एम-1 करतं आणि त्यातला काही भाग दुधात, लघवीत उतरतो. दुधात तर दिवसभराच्या आत. आपल्याकडे दुधातली मर्यादा किलोला 0.5 मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे 10,000 लिटरच्या टँकरमध्ये जेमतेम 5 मिलिग्रॅम. दूध उकळून ते जात नाही. संकलन केंद्रावर फॅट आणि एसएनएफ रोज मोजतात, त्यांत याचा पत्ता लागत नाही. त्यासाठी वेगळी पट्टी किंवा प्रयोगशाळा लागते. 2018 च्या देशव्यापी दूध पाहणीत 6,432 नमुन्यांपैकी 5.7 टक्के नमुने या मर्यादेपलीकडे गेले होते. वासरू आणि घरातलं लेकरू तेच दूध पितात, म्हणून ही तपासणी गावपातळीवर यायलाच हवी.

दुधात एम-1 सापडलं तर संशयाची पेंड, भरडा बंद करून कोरडी, चांगली वैरण द्यावी आणि चार-पाच दिवसांनी दूध पुन्हा तपासावं. आकडा खाली आला, तर विष त्याच पोत्यात होतं.