शाळा आणि मन (भाग ४) : आठ मुलांचा गोल

गेल्या भागात आपण समुपदेशकाने एका मुलाशी एकांतात साधलेला संवाद पाहिला. तीच मदत सात-आठ मुलांना एकत्र बसवून देण्याच्या पद्धतीला समूहोपचार म्हणतात. अमरावती-अकोल्याच्या शाळांसाठी आज सर्वांत व्यवहार्य मार्ग हाच आहे, असं माझं ठाम मत आहे.

आधी गरज किती ते पाहू. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांना मानसिक आजार आढळला. या हिशेबाने ५०० मुलांच्या हायस्कुलात अशी ३५ हून अधिक मुलं असतील. त्यात आपल्याकडचे ताण वेगळेच. हातचं गेलेलं सोयाबीन, डोक्यावरचं कर्ज, घरातली दारू, कुठे बापाची आत्महत्या, तर मेळघाटात कामासाठी गाव सोडून गेलेले आईबाप. मूल यातलं काही बोलून दाखवत नाही. ते मारामारी करतं, शाळा बुडवतं, नाहीतर मागच्या बाकावर गप्प बसून राहतं. मारामारी करणाऱ्याला शिक्षा होते. गप्प बसणाऱ्याकडे कुणाचं लक्षच जात नाही.

अशा गटात नेमकं काय घडतं? समजा, दर्यापूर तालुक्यातल्या एखाद्या शाळेत सातवीची आठ मुलं सतरंजीवर गोल बसली आहेत. सुरुवातीला प्रत्येकाने आज कसं वाटतंय ते १ ते १० मधला आकडा सांगून कळवायचं. बोलायचं नसेल तर ‘पास’ म्हणायची मुभा असते. मग गट घेणाऱ्या समुपदेशक ताई कागदावर माणसाची आकृती काढून विचारतात, राग आला किंवा भीती वाटली की अंगात कुठे काय होतं? एक जण मुठी रंगवतो, एक जण छाती. तिसरा पोटावर बोट ठेवतो, “सांजच्याला बाप घरी आला का माह्यं पोट दुखते.” थोड्या वेळाने पलीकडून आवाज येतो, “मलेबी तसंच होते.”

उपचाराची सुरुवात या दुसऱ्या वाक्यापासून होते. आपल्या घरात जे चाललंय ते फक्त आपल्याच वाट्याला आलंय, ही लाज मुलाला आतून पोखरत असते. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ आयर्विन यालोम यांनी समूहोपचाराचे जे गुणकारी घटक मांडले, त्यांत ‘हे माझ्या एकट्याचं नाही’ ही जाणीव महत्त्वाची मानली आहे. मोठ्यांनी शंभरदा सांगून ती येत नाही, बरोबरीच्या मुलाकडून एका क्षणात येते. त्यानंतर सराव असतो. श्वास लांबवायचा, जागेवरून उठून बाजूला जायचं, मदत कुणाकडे आणि कोणत्या शब्दांत मागायची, हे मुलं छोट्या नाटुकल्यातून करून पाहतात. आठवडाभरात करायची एक गोष्ट ठरते आणि पुढच्या वेळी तिची चौकशी होते.

याला शिस्त लागते. मुलं तीच, वार आणि जागाही तीच, साधारण ८ ते १२ आठवडे. पालकांची संमती हवी. गटातलं बोलणं बाहेर जाणार नाही, हे पहिल्याच दिवशी सांगायचं आणि त्याला असलेला अपवादही तेव्हाच सांगायचा. मुलाच्या जिवाला धोका असेल किंवा लैंगिक अत्याचार झाला असेल, तर गप्प राहता येत नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने लैंगिक अत्याचाराची माहिती कळवणं बंधनकारक आहे.

एक धोका मात्र ठळकपणे सांगायला हवा. शाळेतली सगळी दांडगी मुलं निवडून एकाच गटात कोंबू नका. थॉमस डिशियन आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखवून दिलं, की अशा गटात किशोरवयीन मुलं एकमेकांच्या बेशिस्तीला दाद देतात आणि वागणं आणखी बिघडतं. म्हणून गट मिश्र हवा. चिडणारी, घाबरणारी, बुजरी आणि बऱ्यापैकी सावरलेली, अशी सगळी मुलं त्यात हवीत.

गट घ्यायचा कुणी? बिहारमध्ये नालंदा जिल्ह्यातल्या ७४ शाळांत ‘सेहर’ हा शाळाभर राबवायचा कार्यक्रम तपासला गेला. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेले त्याचे निष्कर्ष बोलके आहेत. प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकाने कार्यक्रम चालवला तिथे मुलांमधली नैराश्याची लक्षणं आणि दादागिरी कमी झाली. शिक्षकांनी चालवला तिथे फरक पडला नाही. दोष शिक्षकांचा नाही. त्यांच्यावर आधीच कामांचा डोंगर असतो, आणि गुण देणाऱ्यापुढे मूल मोकळं होणं अवघडच.

अशी स्थानिक माणसं घडतात, याचा पुरावा अमरावती जिल्ह्यातच आहे. ‘विश्राम’ प्रकल्पात ३० गावांत प्रशिक्षित गावकऱ्यांनी काम केलं आणि नैराश्य असलेल्या प्रौढांमध्ये मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. जे मोठ्यांसाठी जमलं, ते मुलांसाठीही उभं करता येईल. मेळघाटात तर कोरकू बोलणारी ताई किंवा दादाच हवा. आजार गंभीर वाटला तर मुलाला अमरावतीच्या इर्विन किंवा अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयातल्या तज्ज्ञांकडे न्यायलाच हवं. गट हा त्याला पर्याय नाही.

वेळेची सबबही आता उरलेली नाही. राज्य सरकारने २०२४ मध्ये पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ आणला, त्यात भावनिक ताणाला तोंड देण्याचे उपक्रम अपेक्षितच आहेत. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांना प्रशिक्षित समुपदेशक, मानसतज्ज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायला सांगितलं. लहान शाळांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यायचं आहे.

म्हणून पालकांना एक विनंती. शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत इमारत आणि पोषण आहाराबरोबर हा विषयही मांडा : आपल्या शाळेचा समुपदेशक कोण, आणि मुलांचा गट कधीपासून बसणार? तोवर घरात कुणी अडचणीत असेल, तर १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर विनामूल्य बोलता येतं. हा क्रमांक शाळेच्या फळ्यावर आजच लिहून ठेवा.