गोगलगाय आणि तिचं पाणी: आफ्रिका ते गुहागर

पाऊस ओसरल्यावर पुंगोल वॉटरवेच्या काठानं फिरायला निघालात, तर पायवाटेवर मुठीएवढी तपकिरी गोगलगाय दिसू शकते. ती मूळची पूर्व आफ्रिकेतली, पण जमिनीवर राहणारी. आज ओळख करून घेऊ तिच्या गोड्या पाण्यातल्या नातेवाईकाची: बुलिनस ग्लोबोसस.

ही फार तर दोन-अडीच सेंटिमीटरची. शंखाचं टोक वर धरलं, तर तोंड डावीकडे येतं. बहुतेक गोगलगायींचं उजवीकडे असतं. हिला जोरात वाहणाऱ्या पाण्याचं वावडं. तळी, धरणांचे उथळ काठ, पाणवनस्पतींनी भरलेले संथ कालवे ही हिची घरं. फुप्फुसानं श्वास घेत असल्यानं कमी ऑक्सिजनच्या पाण्यातही ती तगते. तळं आटलं, की चिखलात निपचित पडून राहते. शिवाय नर-मादी एकाच देहात! एकटी उरली तरी पाऊस आल्यावर अंडी घालून तळं पुन्हा भरू शकते.

हे चिवटपण माणसाला महागात पडतं. शिस्टोसोमा हिमॅटोबियम हा चपटा कृमी माणसाच्या मूत्राशयाभोवतीच्या रक्तवाहिन्यांत राहतो. लघवीतून त्याची अंडी पाण्यात पडतात. त्यांतून निघालेल्या अळीला काही तासांत योग्य गोगलगाय सापडली नाही, तर ती मरते. सापडली, तर आत एकीच्या हजारो होतात, पाण्यात उतरतात आणि पाण्यात शिरलेल्या माणसाच्या कातडीतून आत घुसतात. मग लघवीतून रक्त जातं. हाच बिलहार्झिया.

बुलिनस भारतात नाही. तरीही 1952 साली गाडगीळ आणि शाह यांनी रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात (तालुका गुहागर) हा रोग नोंदवला. मग कृमीनं बिऱ्हाड थाटलं कुठं? त्यांच्या पुढच्या प्रयोगांनी बोट दाखवलं ते फेरिसिया टेन्युइसकडे: जेमतेम काही मिलिमीटरची, टोपीसारख्या कवचाची, पाण्यात चिकटून राहणारी गोगलगाय. म्हणजे रोग कुठं रुजेल, हे माणसाइतकंच गोगलगाय आणि तिचं पाणी ठरवतं.

सिंगापूरमध्ये हा रोग पसरलेला नाही. पण सुट्टीत आफ्रिकेत जाऊन मलावी सरोवरासारख्या ठिकाणी पोहून आलात, तर काही त्रास नसला तरी डॉक्टरांना तसं सांगा. काही आठवड्यांनी तपासणी करता येते आणि प्राझिक्वांटेल हे औषधही आहे.

आणि पायवाटेवरची ती मोठी गोगलगाय? मुलांना खुशाल पाहू द्या, पण उघड्या हातांनी उचलू देऊ नका. तिच्यातही एक वेगळा जंत असू शकतो.