रांगेत अडकलेला खेळ

एकाच घरातील चार-पाच माणसे एकाच इंटरनेट जोडणीवर आपापली कामे करीत असतात, ही गोष्ट आता शहरांपुरती राहिलेली नाही. दिवाणखान्यात चित्रपट चालू असतो, कोणाची तरी कार्यालयीन बैठक पडद्यावर भरलेली असते, आणि आतल्या खोलीत एखादा मुलगा दूरच्या खेळाडूंशी खेळण्यात गढलेला असतो. मग अचानक त्याचा खेळ अडखळू लागतो. बटण दाबल्यावर गोळी सुटायला वेळ लागतो. प्रतिस्पर्धी एका जागेवरून नाहीसा होऊन दुसऱ्याच जागी प्रकट होतो. पुढे धावलेला आपला खेळाडू रबराने ओढल्यासारखा मागे येतो. खेळणारी मंडळी या प्रकाराला ‘लॅग’ म्हणतात. घरात कुरबूर होते, चित्रपट पाहणाऱ्याला दोष दिला जातो, आणि अखेरीस अधिक वेगाची, अर्थातच अधिक दराची, योजना घेतली जाते. पुष्कळदा त्यानंतरही खेळ पूर्वीसारखाच अडखळतो. पैसे जातात आणि दुखणे कायम राहते. याचे कारण असे की, ज्या गोष्टीचे आपण पैसे मोजतो ती गोष्ट खेळाला फारशी लागतच नाही.

इंटरनेटवरून जाणारी माहिती लहान लहान तुकड्यांत विभागून पाठवली जाते. या तुकड्यांना आपण पाकिटे म्हणू. मोठ्यातले मोठे पाकीट साधारणपणे १,५०० बाइटांचे असते. चित्रपटाला अशी हजारो पाकिटे लागतात, पण त्यांतील एखादे क्षणभर उशिरा आले तर बिघडत नाही. पुढच्या काही सेकंदांचे चित्र आधीच साठवून ठेवलेले असते. खेळाची गरज याच्या नेमकी उलट. खेळाडू कोठे आहे, त्याने काय केले, एवढीच बातमी त्याला द्यावयाची असते. सेकंदाला ६० पाकिटे आणि प्रत्येक पाकीट २०० बाइटांचे धरले, तरी हा सारा व्यवहार एक मेगाबिटाच्या दशांशाइतकाही होत नाही. मात्र प्रत्येक बातमी ताजी असावी लागते. अर्ध्या सेकंदापूर्वी प्रतिस्पर्धी कोठे होता हे आता कळून काय उपयोग? टपालाची गाडी पोतीच्या पोती भरून नेई आणि तारेत दहा-बारा शब्दच असत. तरीही २०१३ मध्ये भारतातील तारसेवा बंद होईपर्यंत तातडीच्या बातमीसाठी कोणी टपालाच्या गाडीचा आकार विचारला नाही. जोडणीच्या जाहिरातीतील मेगाबिटांचा आकडा हा गाडीचा आकार होय. खेळाला हवी असते ती तार.

बातमी जाऊन उत्तर परत येण्यास लागणारा वेळ मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या सहस्रांशात, मोजतात. त्याला ‘पिंग’ असे नाव रूढ आहे. त्याचा काही भाग निसर्गाने ठरवून दिलेला आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर हे सरळ अंतर सुमारे ३,९०० किलोमीटर आहे. त्यामुळे सिंगापुरातील सर्व्हरवर चाललेल्या खेळाला मुंबईहून जाण्यायेण्यासाठी निदान ३९ मिलिसेकंद लागणारच. समुद्रतळावरची केबल सरळ रेषेत नसल्याने प्रत्यक्षात त्याहून अधिक लागतात. कोणतेही यंत्र विकत घेऊन हा वेळ कमी करता येणार नाही. खेळ जवळच्या सर्व्हरची निवड करू देत असेल तर ती करावी, एवढेच आपल्या हाती असते. पण पहाटे सारे निजलेले असताना पिंग ७० मिलिसेकंद आणि संध्याकाळी ४००, असे आढळले, तर मधले ३३० मिलिसेकंद अंतराने खाल्लेले नाहीत. ते कोठेतरी रांगेत गेलेले आहेत.

ही रांग बहुधा वाटेच्या सर्वांत अरुंद जागी लागते, आणि पुष्कळ घरांत ती जागा दारापाशीच असते. घरातील तारेवर सेकंदाला १,००० मेगाबिट धावू शकतात. बाहेर पाठवण्याची मर्यादा मात्र कित्येक योजनांत १० किंवा २० मेगाबिट असते. आतून येणारा लोंढा त्या दारातून एकदम मावत नाही, म्हणून मोडेम किंवा राउटर पाकिटे आपल्या स्मृतीत थोडा वेळ थांबवून ठेवतो. अशी जागा असणे आवश्यकच आहे. प्रश्न ती किती मोठी असावी याचा आहे. समजा, तेथे एक मेगाबाइट, म्हणजे आठ मेगाबिट, माहिती साठू शकते आणि दारातून सेकंदाला दहा मेगाबिट बाहेर पडतात. ही जागा भरलेली असताना आलेल्या पाकिटाला आठ-दशांश सेकंद, म्हणजे ८०० मिलिसेकंद, थांबावे लागेल. तेथे खेळाचे चिमुकले पाकीट आले तरी त्याला शेवटीच उभे राहावे लागते, कारण साध्या राउटरला लहानमोठे कळत नाही; तो आल्या क्रमाने सोडतो.

यावरून खरा अपराधी कोण तेही कळते. चित्रपट पाहणारा बिचारा बहुतेक वेळा निर्दोष असतो. लग्नाहून परतलेल्या कोणाच्या तरी फोनमधून तीनशे छायाचित्रे मुकाट्याने दूरच्या साठवणुकीकडे जात असतात, आणि फोनच्या मालकालाही त्याचा पत्ता नसतो.

पाठवणारे यंत्र असे बेभान का पाठवते, याचे उत्तर इंटरनेटच्या इतिहासात सापडते. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि तेथील कॅलिफोर्निया विद्यापीठ यांच्यामधील दुवा कोलमडला. अंतर अवघे चारशे यार्ड; पण माहितीचा ओघ सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर आला. वाट तुंबली होती, आणि उत्तर न आल्यामुळे प्रत्येक यंत्र तीच पाकिटे पुन्हा पुन्हा पाठवून ती अधिकच तुंबवीत होते. व्हॅन जेकबसन यांनी मायकेल कॅरल्स यांच्या सहकार्याने यावर जो उपाय शोधला, त्याचे विवेचन १९८८ मध्ये प्रसिद्ध झाले. ‘टीसीपी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमांत तो अंतर्भूत झाला आणि तेव्हापासून इंटरनेटचा मोठा व्यवहार त्याच धर्तीवर चालत आला. थोडक्यात तो असा : पाठवण्याचा वेग हळूहळू वाढवत न्यावा, एखादे पाकीट हरवले की वाट भरली असे समजून हात आखडता घ्यावा. हरवलेले पाकीट ही या पद्धतीत धोक्याची घंटा आहे.

पुढे स्मृती स्वस्त झाली. पाकीट हरवणे म्हणजे यंत्राचा दोष, अशी समजूत असल्यामुळे निर्मात्यांनी रांगेसाठी भरपूर जागा दिली. परिणामी पाकीट हरवेनासे झाले, घंटा वाजेनाशी झाली, आणि पाठवणारे यंत्र रांग काठोकाठ भरेपर्यंत वेग वाढवीतच राहिले. गंमत म्हणजे, अमर्याद साठवण दिल्याने कोंडी सुटत नाही, हे जॉन नेगल यांनी १९८५ मध्येच लिहून ठेवले होते, आणि प्रत्येकाची रांग वेगळी ठेवून पाळीपाळीने सोडावे, अशी सूचनाही केली होती. २०१० मध्ये जिम गेटिस या अमेरिकन संगणकतज्ज्ञाला घरून मोठी फाइल पाठवीत असताना एक सेकंदाहून अधिक विलंब आढळला. त्याने या दुखण्याचा पाठपुरावा केला आणि त्याला ‘बफरब्लोट’, म्हणजे फुगलेली रांग, असे नाव दिले.

उपचार लवकरच सापडला. कॅथलीन निकोल्स आणि जेकबसन यांनी २०१२ मध्ये ‘कोडेल’ ही पद्धत मांडली. रांग किती लांब आहे याकडे ती पाहत नाही. पाकीट रांगेत किती वेळ थांबले हे पाहते. थांबण्याचा वेळ १०० मिलिसेकंदांच्या अवधीत एकदाही पाच मिलिसेकंदांखाली उतरला नाही, तर ती मुद्दाम एखादे पाकीट टाकून देते, म्हणजेच घंटा वेळेवर वाजवते. नेगल यांच्या वेगळ्या रांगांची कल्पना तिच्याशी जोडून ‘एफक्यू-कोडेल’ तयार झाली. तिच्यात छायाचित्रांची रांग वेगळी आणि खेळाची वेगळी. ज्याची पाकिटे विरळ आहेत त्याला आधी वाट मिळते. कोण खेळतो आणि कोण चित्र पाठवतो हे यंत्राला सांगावे लागत नाही, हा तिचा मोठा गुण. २०१८ मध्ये लिनक्समध्ये आलेली ‘केक’ ही पद्धत याच मार्गाने आणखी पुढे गेली.

घरी हे करावयाचे कसे? प्रथम मोजावे. संगणक शक्यतो तारेने राउटरला जोडून, घर शांत असताना पिंग पाहावा. नंतर एखादी मोठी फाइल पाठवावयास लावून पुन्हा पाहावा. वेग मोजणाऱ्या काही चाचण्या आता भाराखालील विलंबही दाखवतात. शांत वेळी ३० आणि भाराखाली ४० असेल, तर रांग निर्दोष आहे. आकडा ३०० वर गेला, तर रोग सापडला. मग राउटरमध्ये ‘एसक्यूएम’ किंवा ‘स्मार्ट क्यू’ या नावाची सोय आहे का ते पाहावे. ती चालू करताना जोडणीचा वेग विचारला जातो. तेथे मोजलेल्या वेगाच्या सुमारे ९० टक्के आकडा भरावा. दहा टक्के सोडून देणे अनेकांच्या जिवावर येते, पण त्यातच या उपायाचे मर्म आहे. पूर्ण आकडा दिला तर रांग पुढच्या मोडेममध्ये लागते, जिच्यावर आपला ताबा नाही. आपले दार मोडेमच्या दाराहून किंचित अरुंद केले की रांग आपल्या राउटरमध्ये येते. बाहेरून येणाऱ्या माहितीची रांग पुरवठादाराकडे लागते; तेथेही हाच उपाय आडमार्गाने चालतो, कारण आपण टाकून दिलेल्या पाकिटामुळे दूरचा पाठवणारा वेग कमी करतो.

पुरवठादाराने दिलेल्या पेटीत ही सोय पुष्कळदा नसते. अशा वेळी तिच्या पुढे स्वतःचा राउटर जोडता येतो. तेवढा खर्च करावयाचा नसेल, तर छायाचित्रे रात्री पाठवण्याची योजना करावी किंवा पाठवणाऱ्या कार्यक्रमातच वेगाची मर्यादा घालावी; एवढ्यानेही अनेक घरांत शांतता नांदेल. काही राउटरांत हाताने अग्रक्रम ठरवण्याची जुनी सोय असते. ती मला फारशी भरवशाची वाटत नाही. प्रत्येकाला आपले काम पहिले वाटते, आणि सर्वांना पहिला क्रमांक दिला की पुन्हा मूळची रांग उरते. शिंगांसारख्या अँटेना लावून ‘खेळासाठी खास’ म्हणून विकल्या जाणाऱ्या यंत्रांतही रांगेची व्यवस्था कोणती, हेच आधी विचारावे.

वाय-फायचा दोष निराळा असतो, म्हणूनच वर तारेने मोजण्यास सांगितले. एका वाहिनीवर एका वेळी एकच यंत्र बोलू शकते. लांबच्या खोलीतील क्षीण संकेताचा फोन सावकाश बोलतो आणि तेवढा वेळ इतरांना थांबवतो. त्यात शेजाऱ्यांची वाय-फाय यंत्रे आणि २.४ गिगाहर्ट्झवर गोंगाट करणारी मायक्रोवेव्ह भट्टी यांची भर पडते. खेळाचा संगणक तारेने जोडला की ही सारी कटकट मिटते. ते जमत नसेल तर ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरावा आणि राउटर कपाटामागून बाहेर काढावा.

तारेने जोडून आणि घरातील इतर सर्व यंत्रे बंद करूनही रोज संध्याकाळी पिंग चढत असेल, तर रांग घराबाहेर आहे. तेथे घरातला कोणताही उपाय चालत नाही. पहाटेचे आणि संध्याकाळचे आकडे आठ दिवस टिपून ते पुरवठादाराच्या तक्रार विभागाला द्यावेत. ‘नेट हळू आहे’ या तक्रारीपेक्षा अशा नोंदीची दखल घेतली जाण्याचा संभव अधिक. मोबाइल लहरींवर चालणाऱ्या घरगुती जोडणीचे प्रकरण अधिक अवघड असते, कारण तिची क्षमता क्षणोक्षणी बदलते. अशा जोडणीवर राउटरला ९० टक्क्यांचा आकडा देऊन भागत नाही. गर्दीच्या वेळी मोजलेला सर्वांत कमी वेग पाहून त्याच्याही थोडा खालचा आकडा द्यावा लागतो, आणि एरवी शिल्लक राहणाऱ्या वेगावर पाणी सोडावे लागते.