आधी ओळख, मग बदल

पाठाविषयी

वाद्याचा नाद बदलता येतो. मात्र तो कशामुळे घडतो, हे आधी समजून घ्यावे लागते. विद्युत गिटारसोबत वापरल्या जाणाऱ्या एका लहान उपकरणाच्या अंतरंगाची ओळख प्रस्तुत पाठात करून दिली आहे.

तमिळनाडूतील कुंभकोणम शहराजवळ नरसिंगमपेट्टै नावाचे गाव आहे. नादस्वरम हे मंगलवाद्य तेथे पिढ्यान्‌पिढ्या घडवले जाते. 2022 मध्ये या वाद्याला भौगोलिक मानांकन मिळाले. जुन्या घरांतून उतरवलेले, वर्षानुवर्षे मुरलेले आच्चा लाकूड कातून कारागीर त्याची नळी तयार करतात. विख्यात वादक टी. एन. राजरत्नम पिळ्ळै (1898–1956) यांना पूर्वीच्या आखूड, उंच पट्टीच्या वाद्याऐवजी खालच्या पट्टीचा गंभीर नाद हवा होता. गावातील रंगनाथन आचारी यांनी त्यांच्यासाठी लांब नळीचे वाद्य घडवले आणि पुढे तेच रूढ झाले. नळीची लांबी, तिचा पोकळ भाग आणि छिद्रांच्या जागा यांचा नादाशी काय संबंध आहे, हे त्या कारागिराला ठाऊक होते. म्हणूनच त्याला तो बदल साधला.

विद्युत गिटारच्या नादालाही असाच कारागीर लागतो. फरक एवढाच, की येथे लाकडाच्या नळीची जागा विद्युत परिपथ घेतो. वादकाच्या पायाशी ठेवलेली, पायाने दाबून चालू-बंद करता येणारी धातूची लहान पेटी आपण पाहिली असेल. तिला पेडल म्हणतात. ‘ओव्हरड्राइव्ह’ हा त्यातील एक प्रकार. तो गिटारच्या स्वच्छ स्वराला खरखरीत, भरदार रूप देतो.

नाद खरखरीत का होतो?

गिटारच्या तारेची कंपने विद्युत लहरींत रूपांतरित होतात. या लहरी क्षीण असतात, म्हणून त्यांचे वर्धन करावे लागते. पण कोणताही वर्धक लहरीला हवी तेवढी उंच वाढवू शकत नाही. मर्यादा ओलांडताच लहरीचा माथा छाटला जातो. छाटलेल्या लहरीत मूळ स्वराबरोबर नवे, अधिक उंच स्वर निर्माण होतात. कानाला जाणवणारी खरखर ती हीच. पूर्वी निर्वात नळ्यांचे वर्धक मोठ्या आवाजात वाजवले की हा परिणाम आपोआप मिळे. तोच परिणाम कमी आवाजात मिळवण्याचे काम पेडल करते. माथे छाटण्यासाठी त्यात डायोड बसवलेले असतात. सिलिकॉनचा डायोड सुमारे 0.6 व्होल्टला वीज वाहू देऊ लागतो आणि लहरीची वाढ तेथेच रोखली जाते.

नावे अनेक, परिपथ थोडे

बाजारात स्वस्त पेडलची असंख्य नावे दिसतात. रंग वेगळे, चित्रे वेगळी. परंतु झाकण उघडले की मोजकेच परिपथ पुन्हापुन्हा आढळतात. त्यांपैकी सर्वांत परिचित परिपथ ‘ट्यूब स्क्रीमर’ या जपानी पेडलचा आहे. सुसुमू तामुरा यांनी त्याची रचना केली आणि 1970च्या दशकाच्या अखेरीस आयबनीझ या नावाने त्याचे 808 हे रूप बाजारात आले. पुढे आलेले टीएस-9 हे रूप परिपथाच्या दृष्टीने मुख्यतः शेवटच्या दोन रेझिस्टरच्या किमतींत वेगळे आहे. तरीही जुन्या 808 साठी संग्राहक कितीतरी अधिक पैसे मोजतात. नावाची किंमत वेगळी आणि सुट्या भागांची किंमत वेगळी, हे येथे स्पष्ट दिसते.

परिपथ कसा ओळखावा?

प्रथम वीजपुरवठा व बॅटरी काढावी. मग पट्टीवरील आठ पायांची आयसी शोधावी. तिच्यावर बहुधा 4558 हा आकडा असतो. तिच्या पोटात दोन वर्धक असतात. खुणेच्या ठिपक्याजवळचा पाय पहिला. तेथून घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने मोजत जावे. चौथा पाय ऋण बाजूचा व आठवा धन बाजूचा. पहिला व सातवा हे दोन वर्धकांचे निर्गम पाय होत.

आता डायोड पाहावेत. एका टोकाला पट्टा असलेली काचेची बारीक नळी म्हणजे डायोड. मल्टिमीटरने त्यांची जोडणी तपासावी. डायोडची टोके पहिल्या व दुसऱ्या, किंवा सहाव्या व सातव्या पायांशी जोडलेली असतील, तर तो ट्यूब स्क्रीमरच्या कुळातील परिपथ समजावा. त्यात लहरीचे माथे गोलसर छाटले जातात. डायोड वर्धकाच्या पुढे, लहरीचा मार्ग व जमिनीची तार यांच्यामध्ये असतील, तर माथे अधिक तीव्रपणे छाटले जातात. बॉस कंपनीचे 1978 मधील डीएस-1 हे पेडल या दुसऱ्या पद्धतीचे आहे.

कोणता बदल काय करतो?

ट्यूब स्क्रीमरच्या परिपथात 4.7 किलोओहमचा रेझिस्टर आणि 0.047 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर अशी एक जोडी असते. या जोडीमुळे सुमारे 720 हर्ट्‌झच्या खालील स्वरांचे वर्धन कमी होत जाते. गिटारच्या सर्वांत जाड मोकळ्या तारेचा स्वर केवळ 82 हर्ट्‌झचा असतो. हे पेडल वाजवताना खालचे स्वर पातळ का वाटतात, याचे उत्तर येथे मिळते. त्या जागी 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला, तर ही सीमा सुमारे 340 हर्ट्‌झवर येते आणि नादाला वजन येते.

दुसरा बदल डायोडचा. सिलिकॉन डायोडऐवजी तांबडे एलईडी लावल्यास छाटणी सुमारे 1.7 व्होल्टला सुरू होते. आवाज वाढतो, खरखर कमी होते आणि बोटांचा हलका-जड दाब अधिक स्पष्ट ऐकू येतो. एका बाजूला एक व दुसऱ्या बाजूला दोन डायोड लावले, तर वरचे व खालचे माथे असमान छाटले जातात. बॉसच्या 1977 मधील ओडी-1 पेडलमध्ये हीच युक्ती होती. आयसी बदलण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात. परंतु वरील दोन बदलांच्या तुलनेत त्याने कानाला जाणवणारा फरक फारच थोडा असतो.

पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रस्त्यावर हे सुटे भाग थोडक्या पैशांत मिळतात. खरा खर्च होतो तो धीराचा. एका वेळी एकच भाग बदलावा, वाजवून पाहावे, वहीत नोंद करावी आणि काढलेला भाग जपून ठेवावा. धन-ऋण खूण असलेले कपॅसिटर उलटे लावू नयेत. सोल्डरिंगनंतर हात स्वच्छ धुवावेत. नऊ व्होल्टची पेटी उघडणे सुरक्षित आहे. परंतु घरगुती विजेवर चालणारा निर्वात नळ्यांचा वर्धक जाणकाराशिवाय कधीही उघडू नये. वीज बंद केल्यावरही त्यात शेकडो व्होल्ट साठून राहू शकतात.

महागडे पेडल घेणे प्रत्येकाला परवडत नाही. पण हाती असलेली वस्तू उघडून तिचा स्वभाव समजून घेण्यास श्रीमंती लागत नाही. नरसिंगमपेट्टैच्या कारागिराने वादकाची गरज ऐकली, वाद्य ओळखले आणि मग लाकडाला हत्यार लावले. पेडल उघडणाऱ्यानेही हाच क्रम पाळावा.

स्वाध्याय

1. लहरीचा माथा छाटला गेल्याने नादात कोणता बदल होतो?
2. ‘नावाची किंमत वेगळी आणि सुट्या भागांची किंमत वेगळी’ हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
3. एका वेळी एकच भाग का बदलावा? आपल्या व्यवसायातील एखादे उदाहरण देऊन पाच-सहा वाक्ये लिहा.