प्लास्टिकचा ट्रान्झिस्टर : खरी गंमत पृष्ठभागावर



सुवाहक-दुर्वाहकाचा पाठ घेताना आपण फळ्यावर दोन रकाने पाडतो. तांबं-लोखंड एकीकडे, रबर-लाकूड-प्लास्टिक दुसरीकडे. यंदा पाचवीतल्या एका मुलीने विचारलं, "बाई, मामा म्हणतो प्लास्टिकमधून पण वीज जाते. खरं का?" मी "नाही गं" म्हणून मोकळी झाले. घरी येऊन वाचलं, तर मामाच बरोबर! दुसऱ्या दिवशी वर्गात तसं कबूल केलं आणि रकान्यात 'बहुतेक प्लास्टिक' अशी दुरुस्ती केली.

१९७७ मध्ये हीगर, मॅकडायर्मिड आणि शिराकावा यांनी पॉलिअ‍ॅसिटिलीन या प्लास्टिकला आयोडीनची जोड देऊन ते वाहक करून दाखवलं. २००० सालचं रसायनशास्त्राचं नोबेल त्यासाठीच. १९८६ मध्ये जपानमध्ये पॉलिथायोफिनचा ट्रान्झिस्टर तयार झाला. अशा ट्रान्झिस्टरला सेंद्रिय म्हणतात. सेंद्रिय गुळाशी याचा काही संबंध नाही बरं का, इथे सेंद्रिय म्हणजे कार्बनी संयुगांचा.

ट्रान्झिस्टर म्हणजे विजेचा नळ. दोन पट्ट्यांमधून प्रवाह जातो, आणि तिसरा भाग, म्हणजे गेट, तो चालू-बंद करतो. पण हा पहिला नळ फारच मंद होता. प्रभार किती सहज पळतो याचं माप असतं; सिलिकॉनच्या साध्या पातळ थरात ते एकाच्या आसपास भरतं, तर याचं एकाच्या लाखाव्या भागाएवढं होतं.

मग उपाय काय? मला वाटलं, नवा पदार्थ शोधायचा. तेही झालंच. पेंटासीन हा त्यातला गाजलेला पदार्थ. कपाटातल्या डांबरगोळीत, म्हणजे नॅप्थलिनमध्ये, कार्बनची दोन कडी जोडलेली असतात. पेंटासीनमध्ये ओळीने पाच. पण त्याच पदार्थाकडून जास्त काम करून घ्यायची युक्ती मला जास्त आवडली.

असं बघा, गेट आणि पेंटासीन यांच्यामध्ये सिलिकॉन डायऑक्साइडचा काचेसारखा थर असतो. प्रभार सगळ्या पेंटासीनमधून जात नाही, काचेला लागून असलेल्या पहिल्या दोन-चार रेणूंच्या थरांतूनच जातो. म्हणजे जमीन कशी आहे, यावर सगळं अवलंबून. अंगण नीट सारवलेलं नसेल तर रांगोळीची रेघ तुटतेच ना? या काचेवर ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या उभ्या असतात. त्या हवेतली ओल धरून ठेवतात आणि जाणाऱ्या प्रभारांना अडकवतात.

म्हणून काचेवर आधी ऑक्टाडेसिलट्रायक्लोरोसिलेनचा एक थर देतात. (नाव एका दमात म्हणून बघा!) या रेणूचं डोकं काचेला घट्ट चिकटतं आणि अठरा कार्बनची शेपटी वर राहते. थर फक्त एका रेणूचा, जाडी जेमतेम अडीच नॅनोमीटर. आता पृष्ठभाग अळवाच्या पानासारखा होतो, पाणी टिकतच नाही. १९९७ मध्ये पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी असा थर दिलेल्या काचेवर पेंटासीन बसवलं आणि ते माप सुमारे दीडपर्यंत नेलं.

दुसरी अडचण पट्ट्यांची, म्हणजे इलेक्ट्रोडची. त्या बहुधा सोन्याच्या. सोनं उत्तम वाहक, मग अडलं कुठे? उंबरठ्यावर. सोन्यातून पेंटासीनमध्ये शिरताना प्रभाराला ऊर्जेची पायरी चढावी लागते. शिवाय पेंटासीनचे रेणू काचेवर उभे राहतात, पण स्वच्छ सोन्यावर आडवे पडतात. त्यामुळे नेमकं सांध्यावर रचना विस्कटते. इथेही उपाय एका रेणूच्या थराचाच, फक्त यावेळी डोकं गंधकाचं, कारण गंधक सोन्याला छान धरतं. पेंटाफ्लुओरोबेन्झिनथायॉल वापरलं तर त्यातले फ्लोरिनचे अणू इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढून धरतात. त्याने ती पायरी बुटकी होते. ट्रान्झिस्टर जितका आखूड, तितका हा सांधा जास्त छळतो, कारण मधला रस्ता छोटा होतो, उंबरठा मात्र तेवढाच राहतो.

वर्गात हे दाखवता येतं. एक पाटी तशीच ठेवा, दुसरीवर मेणबत्ती घासा, दोन्हींवर पाण्याचा एकेक थेंब सोडा. एकीवर थेंब पसरतो, दुसरीवर गोळा होऊन बसतो. माझ्या वर्गात यावर अर्धा तास दंगा झाला, आणि मामाला दाखवायचं म्हणून मेण लावलेली पाटी ती मुलगी घरी घेऊन गेली.